इळ्याचा घाव आठ दिवसांत भरतो, मग बाबांच्या पायाची जखम का नाही?

तुम्ही विचारलंय, सोयाबीन सोंगताना इळ्यानं कापलेलं तुमचं बोट आठ दिवसांत भरलं, पण शुगर असलेल्या बाबांच्या तळपायाची जखम दोन महिने तशीच. कातडीला कुठं सरकायचं हे सांगतं तरी कोण? मी यवतमाळ जिल्ह्यात एका दवाखान्यात ड्रेसिंग करते, या दोन्ही जखमा रोज हाताखालून जातात.

उथळ जखम झाकणारी कातडी कडेनं रांगत येते. रक्त गोठताना प्लेटलेट, म्हणजे रक्तातले बारीक कण, नुसतं बूच बसवत नाहीत, ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनंही सोडतात. पुढं पांढऱ्या पेशी आणि खुद्द कातडीच्या पेशी त्यात भर घालतात. त्यातलं ईजीएफ नावाचं प्रथिन कडेच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या खाचेला, चिकटलं की दोन रिसेप्टर जोडीनं येतात आणि निरोप आत जातो. मग पेशी खालच्या थराशी घातलेले टाके सोडते, चपटी होते, पुढं पातळ पदर पसरते आणि त्यावर अंग ओढून घेते. तेही एकटीनं नाही. निंदणाऱ्या बायांची पात सरकते तशी सगळी ओळ सरकते, मागं नव्या पेशी तयार होत राहतात. समोरची पात भेटली की दोन्ही थांबतात.

सगळे निरोप सगळ्यांना ऐकू येत नाहीत. पीडीजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टरच कातडीच्या वरच्या पेशींकडे नसतो. ते खालच्या फायब्रोब्लास्टना, म्हणजे कातडीखालचे धागे विणणाऱ्या पेशींना, बोलावतं, आणि फायब्रोब्लास्ट केजीएफ हा आणखी एक ग्रोथ फॅक्टर सोडून वरच्यांना हलवतात.

ईजीएफ शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना सापडलं ते उंदरांच्या लाळग्रंथीत. त्या ग्रंथींचा अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले होते. १९८६ चं नोबेल त्यांना मिळालं. कुत्रं जखम चाटतं त्यात तथ्य आहे, पण तुम्ही चाटू नका, तोंडात जंतूही असतात.

रांगायला ओल लागते. १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगानं येते. वाळल्या खपलीखाली पेशींना बोगदा खणत जावं लागतं. आपल्याकडे मात्र ‘वारा लागू द्या’, आणि वरून तंबाखूचा चुना! त्यानं कडेच्या जिवंत पेशीच जळतात.

आता बाबा. तुमच्या बोटाची कड पातळ, गुलाबी, मोत्यासारखी चकचकीत दिसली असेल. शुगरच्या जखमेची कड पांढरी, जाड, घट्ट्यासारखी असते. तिथं पेशी वाढतात पण पुढं सरकत नाहीत, नुसता ढीग होतो. जखमेत प्रथिनं कुरतडणारी एन्झाइम इतकी साचतात की ग्रोथ फॅक्टर पोचायच्या आधीच तुटतात. त्यात रक्तपुरवठा कमी आणि पाय बधिर. पीडीजीएफचं जेल अमेरिकेत १९९७ पासून मंजूर आहे, पण नुसतं जेल चोपडून भागत नाही. डॉक्टर आधी ती जाड कड आणि मेलेला भाग कापून काढतात, पायावरचा भार काढतात, शुगर आवरतात.

दोन महिने झालेत, तर या आठवड्यातच दाखवा. तोवर बाबांना अनवाणी वावरात जाऊ देऊ नका. पऱ्हाटीचं धसकट रुतलं तरी त्यांना कळायचं नाही.