दुसरा भाग आवडला नाही म्हणून

प्रिय बाळा,

'सगळ्यांना आवडलं, मग मलाच का बोअर झालं' असं विचारलंस ना, तर आधी हे ऐक, तुझं काहीही चुकलेलं नाही. लेखिका कॉलीन हूवरचं 'इट एंड्स विथ अस' हे पुस्तक आलं २०१६ला, खरी लाट आली ती काही वर्षांनी टिकटॉकवरून, आणि मग नायिका लिली आणि तिचं पहिलं प्रेम ॲटलस यांचं पुढे काय झालं ते सांगा म्हणून वाचकांनी एवढा तगादा लावला की २०२२मध्ये 'इट स्टार्ट्स विथ अस' हा दुसरा भाग आला. पहिलं हूवरने आपल्या आईचं आयुष्य डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आणि दुसरं वाचकांचा हट्ट पुरवायला, आणि हा फरक पानापानावर जाणवतो गं.

पहिल्यातला हॉस्पिटलचा प्रसंग आठव. बाळ नुकतंच झालंय आणि लिली तिला मारणाऱ्या नवऱ्याला, रायलला विचारते, उद्या हिने येऊन सांगितलं की बाबा, माझ्या बॉयफ्रेंडने मला मारलं, तर तू हिला काय सांगशील? त्याच्याकडे उत्तर एकच असतं, आणि ते दिल्यावर घटस्फोटाला नाही म्हणायला त्याला तोंडच उरत नाही. मला तर तिथे पुस्तक मिटून बसावं लागलं होतं.

दुसऱ्यात ॲटलस इतका गुणी आहे की तो चुकेल अशी धाकधूकच नाही, मग जीव अडकणार कशात? खरी दुखरी गोष्ट वेगळीच होती, मारणारा नवरा सुटला तरी तो मुलीचा बाप आहेच, तिला त्याच्याकडे पाठवायचं कसं आणि कुणाच्या भरवशावर? ते प्रकरण अजून खोल जायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एक स्टार देऊन 'बकवास' लिहून मोकळी होऊ नकोस. पुस्तक परत उघड, जिथे मन उडालं त्या पानावर पेन्सिलने खूण कर आणि त्याच्या आधीची पाच-सहा पानं नीट वाच, बहुतेक वेळा गडबड तिथेच झालेली असते. आणि पहिलं आवडलं होतं याची अजिबात लाज वाटून घेऊ नकोस, रोमान्स वाचणाऱ्यांना नाकं मुरडणारे खूप भेटतील, त्यांनी यातलं एक पानही वाचलेलं नसतं.

हूवरचं पुढचं पुस्तक लायब्ररीतून आण, लगेच विकत घेऊ नकोस. आणि रायल मुलीला भेटायला येतो ते प्रसंग पुन्हा वाचून तुला तिथे काय हवं होतं ते मला लिहून पाठव, दोन ओळी असल्या तरी चालेल.

तुझी मावशी