पहिला ड्वार्फ एंजल (खाऱ्या पाण्याच्या टाकीतला छोटा शोभेचा मासा) घेताय? मग हे बघा

यातल्या फ्लेम एंजलचा लालभडक रंग भुरळ घालतोच, पण सुरुवात कोरल ब्यूटी या जातीने करा. ती जास्त काटक आणि खिशालाही परवडते.

नवी टाकी लावून लगेच मासा सोडणं, इथेच बहुतेकांचं फसतं. प्रवाळाच्या कपारींत हे मासे दिवसभर शेवाळ टिपत फिरतात, म्हणून दगडांवर आधी शेवाळ धरू द्या. चार-सहा महिने थांबाच.

- एका टाकीत एकच. दोन ठेवलेत की मारामारी.
- दुकानात समोर खायला घालायला लावा. पोट खपाटीला गेलेलं असेल तर स्वस्तातही नको.
- नाशिकचा एप्रिल-मे! पाणी २५-२६ अंशांवर ठेवा, निदान पंखा तरी लावा. आटलेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही. मीठ उडून जात नाही.

प्रवाळ पाळायचं नंतर बघू, हे मासे कधीकधी त्यालाही कुरतडतात.