हॉस्पिटलमधली युनियन आणि तटस्थतेचा करार: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या मराठी वाचकांचे प्रश्न बरेच दिवस साठले होते. एक पत्र पुण्याहूनही आलंय, ते शेवटी घेते.

न्यू जर्सीच्या एका नर्सताई विचारतात: आमच्या हॉस्पिटलने युनियनशी ‘न्यूट्रॅलिटी अ‍ॅग्रीमेंट’ केलंय. म्हणजे मॅनेजमेंट आता आपल्या बाजूची झाली ना?

नाही, ताई. ती फक्त गप्प राहायला तयार झाली आहे.

संघटना करायचा हक्क १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने दिला. १९४७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ना-नफा हॉस्पिटलं त्यातून वगळली गेली. ती परत कायद्याखाली यायला १९७४ उजाडलं. १९४७ च्याच दुरुस्तीने मालकाला युनियनविरुद्ध बोलायची मोकळीकही दिली. धमकी द्यायची नाही आणि आमिष दाखवायचं नाही, एवढंच बंधन.

त्या मोकळिकीत तेव्हा काय काय बसायचं ते मी भोगलंय. माझ्या पहिल्या हॉस्पिटलात युनियन हवी की नको याच्या मतदानाआधी रात्रपाळी संपली की सकाळी साडेसातला आम्हाला सभेला बसवायचे. बाहेरून आणलेला सल्लागार पडद्यावर वर्गणीचे आकडे दाखवायचा. माझ्या शेजारच्या सिस्टरला मुलाला शाळेत सोडायचं असायचं. ती मांडीवर डबा धरून घड्याळाकडे बघत राहायची. उठून जायची हिंमत कुणाचीच नव्हती. ते मतदान आम्ही हरलो.

तटस्थतेच्या करारात मॅनेजमेंट ही मोकळीक आपणहून सोडते. अशा सभा बंद होतात, युनियनच्या माणसांना कँटीनमध्ये बसता येतं, बऱ्याचदा कर्मचाऱ्यांची यादीही मिळते. काही करारांत मतदानाऐवजी युनियनला पाठिंबा देणाऱ्या सह्यांची कार्डं त्रयस्थाने मोजायची, असंही ठरतं. बदल्यात युनियन त्या काळात संप आणि निदर्शनं करत नाही, हॉस्पिटलची बदनामी करत नाही. हा सौदा आहे, आणि सौद्यासारखाच तो वाचावा. करार हातात आला की मी आधी एकच कलम शोधते: तंटा झाला तर निवाडा कुणी करायचा आणि किती दिवसांत? लवाद आणि मुदत नसेल तर सुपरवायझरने एकेकीला खोलीत बोलावून दम भरला तरी ताबडतोब काही करता येत नाही.

हॉस्पिटलं तयार का होतात? भांडण महाग पडतं म्हणून. नव्वदच्या दशकातल्या कटकटींनंतर कैसर पर्मनेन्टे या मोठ्या हॉस्पिटल-साखळीने १९९७ मध्ये युनियनांच्या आघाडीशी भागीदारी केली. त्याच कैसरमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये ७५,००० हून जास्त कर्मचारी तीन दिवस संपावर गेले. तेव्हा करार झाला म्हणजे पगाराचा आणि माणसं वाढवायचा प्रश्न सुटला, असं समजू नका. त्यासाठी तुमच्या वॉर्डातल्या प्रत्येकीशी बोलावं लागेल, आणि ते काम तुमचंच.

टेक्सासहून एक लॅब टेक्निशियन: मी एच-१बीवर आहे. कार्डावर सही केली तर व्हिसा जाईल का?

सहीने व्हिसा जात नाही. खासगी हॉस्पिटलात तुम्हालाही तोच कायदा लागू आहे, नागरिकत्वाची अट नाही. पण खोटा धीर देणार नाही. नोकरी गेली तर दुसरी नोकरी शोधायला तुमच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि कामगार बोर्डाचा (या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी संस्थेचा) निकाल त्याहून खूप उशिरा लागतो. तुमची भीती खरी आहे आणि सही आज करायची की नाही हे तुम्हीच ठरवायचं. एक मात्र आजपासून करा: कोण, कधी, काय बोललं ते तारखेसकट घरच्या वहीत लिहा, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर नको. बोर्डाकडे तक्रार घटनेपासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते.

मी चार्ज नर्स आहे, म्हणजे पाळीत वॉर्डाचं काम बघते. मला युनियनमध्ये येता येईल?

हुद्द्याच्या नावावर जाऊ नका. मिशिगनच्या ओकवुड हेल्थकेअर प्रकरणात बोर्डाने २००६ मध्ये कसोटी सांगितली: कुठल्या नर्सला कुठला पेशंट द्यायचा हे तुम्ही स्वतःच्या अकलेने ठरवता का, आणि ते काम नियमित व पुरेसा वेळ करता का? दोन्हींना ‘हो’ असेल तर तुम्ही सुपरवायझर ठरू शकता, आणि मग कायद्याचं संरक्षण नाही. पाळीपाळीने अधूनमधून चार्ज घेणाऱ्या सहसा त्यात मोडत नाहीत. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो; वॉर्डाचं ओझं ज्या वाहतात त्यांनाच तो बाहेर काढतो. सही करण्याआधी तुमचं ड्युटीचं वेळापत्रक युनियनच्या वकिलाला दाखवा.

ड्युटीवर युनियनबद्दल बोललं तर चालतं का?

सुट्टीच्या वेळात, कँटीनमध्ये किंवा ब्रेकरूममध्ये, हो. बेथ इस्रायल हॉस्पिटलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये ते मान्य केलं. पेशंटच्या खाटेजवळ नाही, आणि तिथे आपणही बोलू नये.

पुण्याच्या खासगी हॉस्पिटलातला एक वॉर्डबॉय: आपल्याकडे असा करार होतो का?

तशी पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. पण कामगाराला संघटना करण्यापासून अडवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, हे महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यातच लिहिलं होतं. नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, आणि तिच्यातही ही बंदी आहे. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे, ती वाटाघाटी करणार. दादा, म्हणून हजेरीपट नीट बघा. सफाई आणि सिक्युरिटीची माणसं कंत्राटदाराच्या पटावर असतील, तर त्यांची मोजणी वेगळी होईल. वर्गणीची पावती मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या नावाने फाडा आणि स्थळप्रत जपून ठेवा.