त्या दारापाशी तू जाऊ नकोस

पत्र :
मावशी, मी वसईची. लग्नानंतर सहा वर्षं इंग्लंडमध्ये आहे. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. इथल्या पॅरिशमधला (चर्चच्या विभागातला) एक गट उपवासाचे चाळीस दिवस गर्भपात क्लिनिकबाहेर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला उभा राहतो. मम्मी (सासूबाई) दर शुक्रवारी जातात. इंग्रजी येत नाही म्हणून मला सोबत चल म्हणतात. तीन वर्षांपूर्वी मी त्याच क्लिनिकमध्ये गेले होते. हे फक्त माझ्या नवऱ्याला माहीत आहे. रात्री सोफ्यावर बसून मम्मी तिथल्या बायकांना द्यायला लोकरीचे इवलेसे पायमोजे विणतात, मला बघवत नाही. दोन शुक्रवार डोकं दुखतंय म्हणून टाळले. आता खरं सांगून टाकू का?

उत्तर :
पोरी, आधी एवढंच ऐक. जाऊ नकोस. या शुक्रवारी नाही, पुढच्याही नाही.

नाही म्हणायचं तर तोलामोलाचं कारण हवं, हा धाक आपल्याकडच्या सुनांच्या हाडीमासी मुरलेला असतो. म्हणून तुझं डोकं दुखतं. त्याऐवजी सरळ सांग, "मम्मी, मी तिथे येणार नाही. मला तिथे उभं राहवत नाही." का गं, असं विचारलं तर पुन्हा हेच सांग. यात खोटं काहीच नाही.

बाकीचं सांगायचं का? आत्ता नको. तुझ्या आयुष्यातली ती गोष्ट तुझी आहे, त्यावर सासूबाईंचा हक्क नाही. कधीतरी तुला आपणहून सांगावंसं वाटलं तर जरूर सांग. पण समोर विणकामाच्या सुया चालू आहेत आणि तू कोंडीत सापडलीयेस, अशा वेळी तोंडातून निघालेलं पुढे सगळ्यांनाच जड जातं. त्यापेक्षा नवऱ्याला पुढे कर. आई त्याची आहे आणि त्याला सगळं माहीत आहे. दोन शुक्रवार तू एकटीने काढलेस, तो कुठे होता?

सासूबाईंना कायदा मात्र सांगायलाच हवा, आणि तोही मुलाने सांगावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक क्लिनिकभोवती १५० मीटरचं सुरक्षित क्षेत्र आहे. आत येणाऱ्या बाईचा निर्णय बदलायचा प्रयत्न करणं, तिला अडवणं, तिला त्रास होईल असं वागणं हा तिथे गुन्हा आहे आणि दंडाला वरची मर्यादा नाही. तिथे कुणाच्या हातात पायमोजे ठेवणं यातच मोडेल. व्हिसावर आलेल्या बाईने ही जोखीम का घ्यावी? १५० मीटरच्या पलीकडे हा कायदा लागू होत नाही. गट नेमका कुठे उभा राहतो, ते त्याने स्वतः जाऊन बघावं.

हा कायदा एका दिवसात आला नाही. लंडनच्या ईलिंग भागात अशा प्रार्थना वर्षानुवर्षं चालल्या. रडवेल्या बायकांसमोर भ्रूणाची चित्रं धरली जात होती. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या कौन्सिलने, म्हणजे स्थानिक पालिकेने, क्लिनिकबाहेरच्या अशा प्रार्थनांवर देशात पहिल्यांदा बंदी घातली. त्याच फाटकाशी मदत मिळून बाळ ठेवलेली एक आई त्याविरुद्ध कोर्टात गेली, पण २०१९ मध्ये अपील कोर्टानेही कौन्सिलचीच बाजू उचलून धरली. तिला मिळालेली मदत खरी होती, हे मी नाकारत नाही. तरी माझं मत ठाम आहे. डॉक्टरकडे निघालेल्या बाईच्या वाटेत तिला न विचारता उभं राहू नये. देव चर्चमध्येही ऐकतो, सासूबाईंच्या सोफ्यावरही ऐकतो.

इंग्लंडमधल्याच बोर्नमथची एक घटना माझ्या मनातून जात नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एक माणूस क्लिनिककडे पाठ करून गप्प उभा होता. बावीस वर्षांपूर्वीच्या गर्भपातात गमावलेल्या आपल्या मुलासाठी प्रार्थना करतोय, असं त्याने सांगितलं. तिथल्या कौन्सिलचाही असाच बंदीचा आदेश होता. तो मोडल्याबद्दल तो माणूस २०२४ मध्ये दोषी ठरला आणि खटल्याचा नऊ हजार पौंडांचा खर्च त्याच्यावर पडला. त्याच्यासाठी मला वाईट वाटतं. तो तिथे आपलं दुःख घेऊन आला होता. तुला तिथे जाववत नाही, तेही तितकंच खरं आहे.

तुला पश्चात्ताप होतो की नाही हे तू लिहिलेलं नाहीस, आणि मी ते तुझ्या तोंडी घालणार नाही. मन जड होत असेल तर जीपीला (तुझ्या नेहमीच्या डॉक्टरला) सांग किंवा क्लिनिकला फोन कर. झालेल्या गोष्टीबद्दल नंतरही समुपदेशन मिळतं. आणि पापनिवेदनाला जावंसं वाटत असेल तर भिऊ नकोस. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्याच धर्मगुरूंना कायमचा दिला. तिथे बोललेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, तुझ्या सासूबाईंनाही नाही. तुमच्या पॅरिशच्या फादरांसमोर अवघड वाटलं तर दुसऱ्या पॅरिशमध्ये जा.

राहिले ते पायमोजे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी काही हॉस्पिटलांचे नवजात विभाग हाताने विणलेल्या टोप्या, पायमोजे घेतात. नवऱ्याला जवळच्या हॉस्पिटलात चौकशी करायला सांग, आणि हो म्हणाले तर त्यानेच आईला तिथे घेऊन जावं. त्या दिवशीही सोबत जायची सक्ती तुझ्यावर नाही.

रविवारी मम्मी चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनेला) गेल्या की दोघं बसून बोला.

तुझी मावशी