उंबरठ्याआतल्या सात फुटांसाठी ठेव मोडावी का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दार उघडलं की समोर चपलांचा ढीग, वर एकच मिणमिणता दिवा, एका भिंतीचे पोपडे निघालेले, आणि सासूबाई रोज त्याच भिंतीला टेकून एका पायावर तोल सावरत चपला घालतात. कुणी येणार म्हटलं की तुमची धांदल उडते. म्हणून चार फूट रुंद नि सात फूट लांब अशा त्या जागेचं अंदाजपत्रक तुम्ही काढून घेतलंत: भिंतीला लाकडी पॅनेलिंग, फॉल्स सीलिंग, छतापर्यंत बंद कपाट, दगडी माथ्याचं टेबल, मोठा आरसा. आकडा आला तुमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढा. सगळे पैसे आगाऊ दिले तर ८ टक्के सूट, नाहीतर १२ ‘बिनव्याजी’ हप्ते. हाताशी पाच महिन्यांच्या खर्चाची मुदत ठेव आहे आणि तुमच्या यजमानांची नवी नोकरी अजून कायम झालेली नाही. ठेव मोडू की हप्ते घेऊ, असं तुम्ही विचारता.

दोन्ही नको. काम मात्र जरूर करा. दारातली जागा सुधारण्याची इच्छा म्हणजे हौस, असं मी मानत नाही. घरातला प्रत्येक माणूस दिवसातून किमान दोनदा तिथून जातो. दिवाणखान्यातल्या कित्येक वस्तूंच्या वाट्याला एवढा वापर येत नाही.

आधी हप्त्यांचं पाहू. काम १०० चं धरा. एकरकमी दिले तर ९२, हप्त्यांनी दिले तर महिन्याला सव्वाआठच्या थोडं वर, असे बारा महिने मिळून १००. म्हणजे आज ९२ उसने घेऊन वर्षभरात १०० फेडायचे. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं हे लक्षात घेतलं तर हा व्याजदर वर्षाला साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. वर प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी. व्याज माफ झालेलं नाही, ते सुटीच्या आकड्यात दडलंय. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी तर पूर्ण बाजूलाच ठेवा: महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण चक्रवाढीने वर्षाला ते साडेबेचाळीसच्या पुढे जातात.

मग ८ टक्के सूट घ्यावी? त्यासाठी ठेव मोडावी लागेल, आणि ती ठेव तुमचा एकमेव आधार आहे. नोकरी कायम होईपर्यंत पाच महिन्यांचे तीन महिने करणं मला अजिबात पटत नाही. मुदतीआधी मोडल्यावर व्याज सहसा कमी दराने मिळतं, तो तोटा वेगळाच. शिवाय सगळे पैसे आधीच हातातून गेले की काम रखडल्यावर तुमच्या बोलण्याला वजन उरत नाही. पैसे टप्प्यांनी द्यायचे: थोडे ऑर्डर देताना, थोडे माल आल्यावर, आणि शेवटचे दहा टक्के दारं-बिजागऱ्या तपासून झाल्यावर.

आता खुद्द अंदाजपत्रकाकडे येते, कारण खरी बचत तिथेच आहे. पोपडे निघालेल्या भिंतीवर पॅनेलिंग करू नका. पोपडे आले म्हणजे बहुतेक वेळा आत ओल असते. ती लाकडाने झाकली की दिसत नाही, पण आतल्या आत पसरते, बुरशी धरते, आणि दोन-तीन वर्षांनी पॅनेल काढून तीच दुरुस्ती दुप्पट कष्टाने करावी लागते. पाणी कुठून येतं ते आधी शोधा, ते बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग. या सगळ्या यादीत पुढे ढकलल्यावर महाग होणारं काम हे एकच आहे.

कपाटाचंही तसंच. चार फूट म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटर. साध्या कप्प्यांचं कपाट ३५ सेंटिमीटर खोल असतं, म्हणजे चालायला उरले ८५, त्यात दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागे सरावं लागणार. बूट तिरके उभे राहतात अशी पुढे झुकणारी दारं असलेलं कपाट जेमतेम २० सेंटिमीटरमध्ये बसतं आणि वाट १०० ची राहते. पण तेही आत्ता नको. आधी चौघांचे रोजचे दोन-दोन जोड मोजा. आठच होतात. सणासमारंभाचे बूट आतल्या कपाटात गेले तर दाराशी छतापर्यंतच्या कपाटाची गरज उरते का, हे तीन महिने राहून बघा.

फॉल्स सीलिंग मी सरळ काढून टाकेन. तुमची तक्रार अंधाराची आहे, छताची नाही. २७०० ते ३००० केल्विनचे उबदार प्रकाशाचे एलईडी दिवे लावा. जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड ८–९ वॅटमध्ये मिळतो. आरसा ठेवा, पण मध्यम आकाराचा आणि दिव्याच्या शेजारी, म्हणजे उजेड आत फेकला जाईल. त्याचा मध्य साधारण डोळ्यांच्या उंचीवर असू द्या. मुलांच्या दप्तरांसाठी त्यांच्या हाताला येतील अशा, मीटरभर उंचीवर खुंट्या ठोका. वर ठोकल्यात तर दप्तरं जमिनीवरच राहतील. दगडी टेबल मला अनावश्यक वाटतं. किल्ल्यांना एक फळी पुरते.

ओलीची दुरुस्ती, दिवे, रंग, खुंट्या, आरसा, फळी आणि एक जाड पायपुसणं, एवढ्याचा वेगळा, बाबवार दर मागवा. माझ्या अंदाजाने तो मूळ आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत यायला हवा, आणि तुम्ही सांगितलेल्या मासिक बचतीतून दोन-तीन महिन्यांत ठेवीला हात न लावता निघेल. कपाटासाठी लहानसं आवर्ती खातं आजच उघडा. नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात आलं की ऑर्डर द्या, आणि तेव्हा सूट मागा.

सासूबाईंच्या बाकाला मात्र थांबू नका. बसण्याची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास, शेजारी भिंतीला धरायला एक दांडी, पण ओल नसलेल्या भिंतीला. हा खर्च या महिन्याच्या किरकोळीतूनच करा.