शेफ फ्लॉइड कार्डोझ तर न्यूयॉर्कचे, मग मुंबईतले शेफ त्यांना गुरू का मानतात?

25 मार्च, म्हणजे शेफ फ्लॉइड कार्डोझ यांचा स्मृतिदिन, आला की मुंबईतले बरेच शेफ सोशल मीडियावर त्यांचा फोटो टाकतात. त्या माणसाची बहुतेक कारकीर्द अमेरिकेत गेली, मग इथल्या लोकांना एवढं काय त्याचं, असा तुमचा प्रश्न आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी त्यांच्या हाताखाली काम केलेलं नाही, त्यांना कधी भेटलोही नाही. पण माझं पोट किचनवरच चालतं, त्यामुळे आमच्या धंद्यात त्यांनी काय बदललं ते जवळून पाहिलंय.

मी या लाइनीत आलो तेव्हा मोठ्या हॉटेलात लागलेल्या प्रत्येक पोराला कॉन्टिनेंटल सेक्शन हवा असायचा. इंडियन म्हणजे तंदूर, हंड्या आणि तीच मखनी ग्रेव्ही. अळू, शेवग्याच्या शेंगा, ज्वारी हे सगळं स्टाफच्या जेवणात. गिऱ्हाइकाच्या टेबलावर ते न्यायचं कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं. घरी आईच्या हातचं खाऊन आलेला पोरगा कामावर सॉस शिकायचा आणि घरच्या जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

कार्डोझ मुंबईचेच. 1960 चा जन्म, घरचं मूळ गोव्याचं. बायोकेमिस्ट्री सोडून ते हॉटेलच्या धंद्यात शिरले, स्वित्झर्लंडला शिकले आणि मग न्यूयॉर्कला ग्रे कुन्झ या शेफच्या हाताखाली 'लेस्पिनास' या रेस्टॉरंटमध्ये उभे राहिले. कुन्झ फ्रेंच पद्धतीत मुरलेले, पण सिंगापूरला जन्मलेले आणि आशियाई मसाल्यांना न बिचकणारे. मसाला पाश्चात्त्य किचनमध्येही मानाने वावरू शकतो, हे कार्डोझ यांना तिथे रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. गुरू चांगला भेटला की माणूस कुठल्या कुठे जातो, ते असं.

1998 मध्ये तिथले रेस्टॉरंट-मालक डॅनी मेयर यांच्याबरोबर त्यांनी 'तबला' हे रेस्टॉरंट सुरू केलं. वर झोकदार डायनिंग रूम, खाली ब्रेड बार. रोझमेरी घातलेला नान, गोव्याच्या मसाल्यातले खेकड्याचे केक. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 3 स्टार दिले. तेव्हा तिथे बहुतेकांना भारतीय जेवण म्हणजे स्वस्तातला बुफे एवढंच माहीत होतं, त्यामुळे हे फार मोठं होतं. पुढे 2010 च्या अखेरीस 'तबला' बंद झालं. नंतरचं 'पाववाला'ही, 'बॉम्बे ब्रेड बार' असं नाव बदलूनसुद्धा, 2019 मध्ये मिटलं. हेही सांगायला हवं, कारण श्रद्धांजलीच्या पोस्टींत माणूस नुसता जिंकतच गेल्यासारखा दिसतो.

आम्हा इथल्यांना मात्र ते खरे कळले 2011 मध्ये. अमेरिकेतल्या 'टॉप शेफ मास्टर्स' या टीव्हीवरच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी उपमा केला. हो, उपमा! पोलेंटासारखा (मक्याच्या रव्याची इटालियन लापशी) सैलसर, वर रानातल्या अळंब्या, सोबत कोकम आणि नारळाचं दूध. आणि जिंकले. बक्षिसाची रक्कम कॅन्सरवरच्या संशोधनाला दिली. त्यांचे वडील कॅन्सरनेच गेले होते.

या पदार्थावर मी बराच विचार केलाय. कोकम आणि नारळाचं दूध एकत्र उकळलं की फाटतं, हे कोकणात कुणालाही विचारा, म्हणून तर सोलकढी चुलीवर चढत नाही. मी घरी करून पाहिला तो असा: जाड रवा मंद आचेवर खमंग भाजला, तापलेला स्टॉक पळी-पळीने घालत सतत ढवळत राहिलो, आणि गॅस बंद केल्यावर नारळाचं दूध व अगदी शेवटी कोकमाचं आगळ. अळंब्या वेगळ्या, मोठ्या आचेवर, पाणी सुटू न देता परतलेल्या. आंबटपणा अळंबीच्या मातकट चवीला असा काही उचलून धरतो की बस. आईने चमचाभर खाल्ला आणि म्हणाली, "चव छान आहे रे, पण पातळ झालाय, जरा आटव." मला स्वतःला नाश्त्याला तिचाच उपमा आवडतो. पण उपम्याची लाज वाटायचं कारण संपलं, ते त्या दिवशी. फ्रेंच किचनमध्ये कसलेला माणूस सगळ्यात मोठ्या परीक्षेला सकाळचा नाश्ता घेऊन जातो, हे पाहून आमच्यातली कितीतरी पोरं सरळ बसली.

मग 2015 मध्ये लोअर परळच्या कमला मिल्समध्ये 'द बॉम्बे कॅन्टीन' हे रेस्टॉरंट आलं. समीर सेठ आणि यश भणगे यांच्याबरोबर कार्डोझ भागीदार. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. पाटीवर स्वतःचं नाव लावलं असतं तर गर्दी आपोआप झाली असती. त्यांनी किचन थॉमस झकारिया या तरुण शेफच्या हाती दिलं आणि स्वतः पाठीशी उभे राहिले. थॉमस गावोगाव फिरून तिथल्या भाज्या, धान्यं, पद्धती शिकून यायचा आणि ते मेन्यूवर यायचं. ज्वारीचं सॅलड आलं, अरबी टुक (सिंधी पद्धतीची तळलेली अळकुडी) आलं. 2017 मध्ये बीकेसीत 'ओ पेद्रो' निघालं, तिथे पोई, म्हणजे गोव्याचा पाव. तिथला शेफ हुसेन शहजाद पुढे कॅन्टीनचंही किचन सांभाळू लागला. आज मुंबईत नव्या जागेचा मेन्यू उघडला आणि त्यात ऋतूतली गावठी भाजी दिसली, तर तिचा माग काढत गेलात की बऱ्याचदा या घराण्यापाशी पोचता.

मार्च 2020 च्या सुरुवातीला ते मुंबईतच होते. भायखळ्याला याच मंडळींचं मिठाईचं दुकान, 'बॉम्बे स्वीट शॉप', नुकतंच सुरू होत होतं. 8 तारखेला ते अमेरिकेला परतले, कोरोनाने गाठलं, आणि 25 मार्चला न्यू जर्सीत गेले. वय 59. त्याच महिन्यात 5 तारखेला ग्रे कुन्झही गेले होते. आपल्याकडे 25 मार्च म्हणजे गुढीपाडवा आणि देशभरच्या लॉकडाउनचा पहिला दिवस. एरवी असा शेफ गेला तर लोक किचनमध्ये जमले असते, काहीतरी रांधलं असतं, रात्री उशिरा बसून आठवणी काढल्या असत्या. पण चुलीच विझलेल्या होत्या. म्हणून सगळं दुःख फोनवर आलं, आणि दरवर्षी तिथेच येत राहतं. तुम्हाला त्या पोस्टींचं नवल वाटतंय, त्यामागे हेही एक कारण आहे.

ते गेल्यावर त्याच वर्षी त्यांचे मसाले बाजारात आले: गोव्याचा, काश्मिरी आणि गरम मसाला. काम त्यांनी सुरू केलं होतं, त्यांच्या पत्नी बरखा यांनी ते तडीस नेलं. अमेरिकेत कुणी नातेवाईक असेल तर मागवता येतात.

आता, फोटो टाकणाऱ्यांपैकी सगळे त्यांच्या हाताखाली राबलेले असतात का? नाही. माझ्यासारखे बरेच असतात. तरी मी टाकतो.