एएफएमसी: फी वाचते म्हणून घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलीचा नीटचा क्रमांक चांगला आलाय. राज्यातलं सरकारी कॉलेज मिळेल असं दिसतंय आणि पुण्याच्या एएफएमसीची, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचीही आशा आहे. तुमचा ओढा एएफएमसीकडे आहे, कारण खर्च नाही. मुलगी नुसतं "बघू" म्हणते.

मी तिथेच शिकलो, सात वर्षं शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची लष्करी डॉक्टरची नोकरी केली आणि बाहेर पडलो. आता तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. पश्चात्ताप अजिबात नाही. तरी तुमचं कारण मला पटलं नाही, म्हणून एवढं लांबण लावतोय.

आधी पैशाचंच बघू. एएफएमसीत शिकणं, राहणं, जेवणखाण सगळं सरकारी खर्चाने होतं, हे खरं. खाजगी किंवा अभिमत कॉलेजशी तुलना केली तर प्रश्नच मिटतो. पण तुमच्यासमोर सरकारी कॉलेज आहे. त्यातून २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क माफ आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर वाचणारे पैसे म्हणजे मुख्यतः हॉस्टेल आणि मेसचे. बाँड, म्हणजे शिकून झाल्यावर सेवा करायचं बंधन, दोन्हीकडे आहे. राज्याचा एक वर्षाचा. एएफएमसीचं मधेच सोडलं किंवा शेवटी कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, नाकारलं तर अर्ध्या कोटीहून जास्त भरायचे. ही रक्कम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापलेली असते. सही करण्याआधी ते पान बापलेकीने एकत्र बसून वाचा.

आता वर्षं मोजा. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप, मग शॉर्ट सर्व्हिस मिळाली तर सात वर्षं. बाहेर पडेपर्यंत तिशी उलटलेली असते. पगार चांगला, वर नॉन-प्रॅक्टिसिंग अलाउन्स, पण खाजगी प्रॅक्टिस बंद. शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नाही, अधिकाऱ्याला त्यासाठी २० वर्षं लागतात. परमनंट (कायमची नेमणूक) की शॉर्ट, हे मेरिट, जागा आणि तुमची पसंती यांवर ठरतं. म्हणजे नुसत्या पसंतीवर नाही.

खरी किंमत मोजावी लागते ती पीजीत, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणात. सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी लष्करी संस्थांत पीजीच्या जागा राखीव असतात, पण तिथे जायचं ते काही वर्षं नोकरी झाल्यावर, आणि मनातलाच विषय मिळेल असं नाही. मी बाहेर पडून एमडीला लागलो तेव्हा माझी सीनियर रेसिडेंट माझ्याहून चार वर्षांनी लहान होती. राउंडला तिला "मॅडम" म्हणताना पहिले दोन महिने जीभ अडायची. बारावीतल्या मित्रांच्या दवाखान्यांच्या पाट्या तोवर जुन्या झाल्या होत्या.

मग मधल्या सात वर्षांत काय केलं? पहिलं पोस्टिंग फील्ड अँब्युलन्समध्ये. (हे लष्कराच्या वैद्यकीय युनिटचं नाव होतं, गाडीचं नाही. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही.) तिथून एका बटालियनचा रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर झालो, सुमारे चौदा हजार फुटांवर. सकाळी एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. मग लंगरचं, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराचं, पाणी तपासायचं, जवानांचे पाय बघायचे. असे महिनेच्या महिने जातात. सर्जन व्हायचं म्हणून आलेल्याला ते फार जड जातं.

आणि मग एखादी रात्र येते. सुट्टीवरून परतलेला एक जवान रात्री अकराला धापा टाकत आला. उंचीची सवय व्हावी म्हणून नऊ हजार फुटांवरच्या पहिल्याच टप्प्यावर सहा दिवस काढायचे असतात. याने ते पुरते काढलेच नव्हते. फुप्फुसात पाणी भरत होतं, तिकडे त्याला हापो म्हणतात. हेलिकॉप्टर उजाडल्याशिवाय येणार नव्हतं. माझं वय पंचवीस, सोबत एक नर्सिंग असिस्टंट, ऑक्सिजन आणि माणसाला आत झोपवून हवेचा दाब वाढवायची ती पिशवी. सीनियर फोनवर, तोही मधून मधून. पहाटेपर्यंत मी त्या पिशवीचा पंप मारत होतो. जवान वाचला. त्या एका रात्रीसाठी मी पुन्हा तीच सात वर्षं देईन. पण हे माझं झालं. हॉस्टेलची फी वाचावी म्हणून आलेला आमचा एक बॅचमेट अशाच जागी रोज कॅलेंडरवर फुल्या मारायचा.

मुलगी म्हणून संधी कमी पडेल का, असंही तुम्ही विचारलंय. वैद्यकीय शाखेत स्त्रियांना परमनंट कमिशन फार आधीपासून आहे. डॉ. माधुरी कानिटकर एएफएमसीच्याच, मुलांच्या किडनीविकाराच्या तज्ज्ञ. २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू. पण त्यामागे जवळजवळ चार दशकांची सेवा आहे. अडचण आहे ती प्रवेशाची: भारतीय विद्यार्थ्यांच्या १४५ जागांपैकी मुलींना ३०, त्यामुळे त्यांची गुणरेषा मुलांपेक्षा बरीच वर जाते. शिवाय नीटच्या गुणांवर फक्त बोलावणं येतं. पुढे पुण्यात इंग्रजी आणि तर्काची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि मेडिकल. उत्तम क्रमांकाची मुलं मेडिकलला उडालेली मी पाहिली आहेत. म्हणून राज्याच्या सीईटी सेलची प्रवेशफेरी काही झालं तरी सोडू नका. आणि कोर्स संपेपर्यंत लग्न करता येत नाही, हेही घरातल्या मोठ्यांच्या कानावर आत्ताच घाला.

राहिला तो "बघू". दोन्हीकडे फी सारखीच असती तर कुठे गेली असतीस, एवढं तिला विचारा, आणि शक्यतो तुम्ही नाही, तिच्या मावशीने किंवा आत्याने विचारावं. आपल्यासमोर मुलं आपल्याला बरं वाटेल तेच बोलतात. मुलाखतीत हा प्रश्न वेगळ्या शब्दांत येणारच आहे, आणि "बाबा म्हणाले" हे उत्तर समोर बसलेल्यांनी शेकड्याने ऐकलेलं असतं.

चष्मा आहे का तिला? असेल तर नंबर कळवा, मेडिकलचं पुढे सविस्तर लिहितो.